कड मऊ ठेव

ताल्लिनच्या बंदरामागे, एका तळघरात
लेइदांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं,
फोटो हलत नाही, म्हणून आपण हलायचं,
आणि बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही.

कॅमेरा खांबावर, मान खाली घालून,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.
खाली काच, काचेखाली फोटो,
फोटोखाली काळं मखमल.
दोन दिवे दोन बाजूंनी तिरपे.
काचेवर चकाकी उठली की त्या टाळूला जीभ लावून टक् करत
आणि मी दिवा बोटभर मागे सारी.

एका चेहऱ्यावर उजेड हवा असेल
तर बाकीच्यांवर सावली घालायची, इतकंच.
धुरकट फिल्मच्या तुकड्यावर
किलू माशांच्या डब्याचं झाकण ठेवून ब्लेड फिरवायचं,
मग तो तुकडा पितळी दांडीवर, काच आणि भिंग यांच्या मध्ये, अधांतरी.
दांडी खाली आणली की वर्तुळाची कड नाण्यासारखी.
वर नेली की विरत जाते,
काचेवर टाकलेल्या श्वासासारखी.
पण वर नेलं की वर्तुळ फुगतंही,
म्हणून लहान भोकाचा तुकडा घ्या, मग आणखी लहान.
असे चौदा तुकडे, बिस्किटांच्या डब्यात, नंबर घातलेले.
नवव्याला दिव्याने पोळल्याचा डाग.

दुसऱ्या हिवाळ्यात मी एका मोडक्या एन्लार्जरची
पाकळ्यांची झडप काढून दांडीला बसवली.
आधी सगळा फोटो मंद उजेडात घ्यायचा,
फिल्म उलटी गुंडाळायची,
मग त्याच फिल्मवर पुन्हा, झडपेतून.
कडी फिरवली की वर्तुळ हवं तेवढं.
लेइदांनी तीनदा फिरवून पाहिली, बोलल्या नाहीत.
संध्याकाळी बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर गेलेला दिसला.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये साल्मे पूसेप आली,
ओव्हरकोटच्या आतल्या खिशातून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला
डेअरीच्या सहलीचा फोटो घेऊन.
सात माणसं, एक कुत्रा, बादलीत बिअरच्या बाटल्या.
डावीकडची बाजू कापलेली, जरा वाकडी.
दिग्दर्शक एंडेल म्हणाला, आईच्या चेहऱ्यावर घ्या,
हळूहळू मिटत जा.

साल्मे म्हणाली, चेहऱ्यावर नको.
खांद्यावर.

तेव्हा आम्हाला तो हात दिसला.
आईच्या खांद्यावर चार बोटं आणि मनगटावरचं घड्याळ,
त्यापुढे कागद संपलेला.
कुणाचा, असं एंडेलने विचारलं.
ती टेबलाच्या कडेला हात पुसत होती, हात ओले नसताना.
"ट्रक वळणाशी आले होते. आई म्हणाली, काप.
कात्री शिवणाची होती, माझ्या हातात मावत नव्हती."
मग म्हणाली, "अकरा वर्षांची होते."
हे कुणी विचारलं नव्हतं.

मी पाकळ्या मिटत आणल्या.
सहल मावळली, कुत्रा, बादली, आई,
आणि घड्याळाच्या काचेवर
आमचाच दिवा टिकलीएवढा उरला.

"आणखी डावीकडे."

डावीकडे काही नाही, बाई, एंडेल म्हणाला.
लेइदांनी टक् केलं.
काच उचलली, फोटो दोन इंच उजवीकडे सरकवला,
फ्रेममध्ये मखमल येईल असा,
आणि मला म्हणाल्या, पहिल्यापासून.
पुन्हा मंद उजेड, पुन्हा उलटी फिल्म.
मी दांडी ढकलत गेलो,
बोटांवरून, घड्याळावरून, कात्रीच्या वाकड्या रेषेवरून
पलीकडे.

मखमल उजेड पिऊन टाकतं, त्यासाठीच ते अंथरलेलं.
तिथे एक पांढरा धागा पडला होता.
असे धागे मी रोज सकाळी ब्रशने टिपायचो.
मी हात पुढे केला,
लेइदांनी माझं मनगट धरलं.

आठ सेकंद मोटर चालू होती.
साल्मे भिंगात बघत नव्हती, थेट टेबलावर बघत होती.
लेइदा माझ्या कानाशी म्हणाल्या, कड मऊ ठेव.
त्या काळ्यावर कड कुठे आहे ते मलाही दिसत नव्हतं.
मी दांडी सूतभर वर घेतली.